बुधवारचा रकाना

नोव्हेंबरात डुलुथच्या गॅरेजमध्ये पेन गोठतं.
बुधवारी वही उघडायच्या आधी
मी ते तोंडात धरून ठेवते,
शाई भानावर येईपर्यंत.

सोमवार सोपा. सोमवारी वजनच सांगतं काय करायचं.
पाचाच्या पाच फेऱ्या, मधे भिंतीला टेकून
हरवलेला श्वास शोधायचा.
शुक्रवारही ठरलेला.
बुधवार मात्र कोऱ्या रकान्यातून
माझ्याकडे बघत बसतो.
हलका दिवस.
हलका म्हणजे किती? हलका म्हणजे कसा?

रेइनो म्हणतो, तीच बैठक, कमी वजन, झालं की.
पण रेइनोला कमी वजन दिसतच नाही.
गेल्या बुधवारी ‘जरा चाचपून बघतो’ म्हणत
एकेक चकती चढवत गेला,
शुक्रवारी जिना उतरताना कठडा धरला
आणि दोष दिला बुटांना.

म्हणून त्याच्यासाठी मी अशी बैठक शोधते
जिच्यात फुशारकीला पाय ठेवायला जागा नसेल.
बार पुढे, गळ्याशी, कोपरं वर:
तिथे लबाडी चालत नाही, कोपर पडलं की बार पडला.
पण एकोणीस वर्षं खाणीच्या पट्ट्याशी झगडून
त्याची मनगटं आता वळत नाहीत.
तळाशी तीन मोजून थांब म्हणावं,
तर तो उधारी मोजावी तसं मोजतो:
एक, आणि तीन.
पाच सेकंदांत सावकाश उतरायचं,
ते मी माझ्यासाठी राखून ठेवलंय.
माझ्या डाव्या गुडघ्याला घाई खपत नाही.
एकसष्ट वर्षांचा आहे तो. मीही.

राहिलं खोकं.

खिडकीतून बंदर दिसतं.
टॅकोनाइट भरून जहाज निघतं तेव्हा
ते किती बुडालंय हे बाजूवरच्या आकड्यांत वाचता येतं.
परत येतं ते रिकामं.
पण तसं रिकामंही नाही.
बत्तीस वर्षं धक्क्यावर नोंदी केल्यात मी:
येताना ते पोटात सरोवराचंच पाणी भरून घेतं,
नाहीतर पंखा हवा कापत बसेल
आणि वारा नेईल तिकडे जावं लागेल.
हलक्या फेरीलाही भार लागतोच.
फक्त तो विकायचा नसतो.

वहीत लिहिलं: खोकं, एकशे पंच्याऐंशी पौंड,
दोनदोनच्या आठ फेऱ्या.
रेइनो हसला. एवढं तर म्हणे आमची कुत्री उचलेल.
मागे सरकत उतरला, टेकला.
मी म्हटलं, थांब.
थांबला.
थांबलाच.

‘महिनाअखेर यादी लागतेय,’ तो म्हणाला.
‘माझं नाव आहे तिच्यात.’

बार खांद्यावर ठेवून कुणी बातमी सांगतं का?
मानेमागे एकशे पंच्याऐंशी पौंड,
चेहरा बीटासारखा,
आणि खोक्यावर बसलाय
शेवटची बस चुकल्यासारखा.
सोमवारच्या वजनाखाली त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.
शुक्रवारी फुटतात त्या शिव्या.

मला काय काय सुचलं.
म्हटलं, आधी ऊठ.
उठला.
अजून एक राहिलीय, मी म्हटलं.
तो पुन्हा बसला.

तिसऱ्या फेरीत सांगितलं, आयलाला अजून बोललो नाही.
पाचवीत ट्रकचे हप्ते.
सहावीत काहीच नाही.
सातवी मात्र सगळ्यांत सरळ उठली,
गुडघे आत न वळता, जशी मी वर्षभर मागत होते.

मग त्याने चकत्या उतरवल्या,
एकीवर एक, आवाज न करता.
एरवी आदळतो.

मी वहीत लिहिलं: ‘आठही पूर्ण. बरं झालं.’
मग ‘बरं’ खोडलं.

पुढच्या बुधवारचा रकाना कोरा आहे.
बाहेर पुलाखालून एक जहाज आत येतंय,
उंच, लाल पोट पाण्याच्या वर काढून,
बघणाऱ्याने रिकामं म्हणावं असं.